सरपंचांची झोप

करंजखोपातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बाया दर रविवारी हापशापाशी जमत. कुणाची कोंबडी खुडूक झाली, कुणाची पिल्लं घारीनं नेली, सगळी खबर तिथंच कळायची.

एकदा सरपंच दौलतरावांनी फर्मान काढलं, "पहाटे माझी झोपमोड होते. गावात एकही कोंबडा दिसता कामा नये." झालं, सगळे कोंबडे पाहुण्यांच्या गावी गेले.

तीन महिन्यांनी सरपंचांनाच पिल्लांची हौस आली. त्यांनी घरच्या कोंबड्यांची बारा अंडी गंगूमावशीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला दिली. एकवीस दिवस उलटले, पण पिल्लू एकही निघालं नाही.

रविवारी सरपंच हापशावर येऊन गरजले, "मावशी, तुमची कोंबडी कामचुकार आहे. भरपाई म्हणून तिलाच घेऊन जातो."

मावशीनं कोंबडी काखेत घट्ट धरली. "सरपंच, माझ्या कोंबडीनं एकवीस दिवस अर्धपोटी बसून तिचं काम चोख केलं. कोंबडे तर तुम्ही गावाबाहेर काढलेत. मग त्यांचं काम तुम्ही करणार होतात की काय?"

हापशावर एकच हशा पिकला. सरपंच आल्या वाटेनं परतले.

दुसऱ्या पहाटे गावात सात कोंबडे आरवले. सरपंच डोक्यावर पांघरूण ओढून निमूट पडून राहिले.