चेहरा दिसणारी फरशी

कराडचे निवृत्त फौजदार अण्णासाहेब निकम यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नसे. न्हाणीघराची फरशी निवडायला ते सून वैजयंताला घेऊन दुकानात गेले. न्हाणीघरात घसरून मोडलेलं सासूबाईंचं खुब्याचं हाड नुकतंच जुळलं होतं, म्हणून वैजयंताने खरखरीत फरशी सुचवली.

“असली फरशी गोठ्यात घालतात!” अण्णासाहेबांनी आरशासारखी गुळगुळीत फरशी पुढे ओढली. “ही बघ. उभ्या उभ्या चेहरा दिसतो माणसाला.”

वैजयंताने वाकून नीट पाहिलं.

“दिसतो खरा, मामंजी. पाणी सांडलं की सासूबाईंना आडवं पडून, अगदी जवळून दिसेल.”

दुकानदाराला ठसका लागला. अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्याला दरडावून विचारलं, “खरखरीत फरशीत रंग कुठले आहेत?”