तांबूचं वय

खूप खूप जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची, पण क्वचित, आणि माणसांसारखी उगाच तर कधीच नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक बाई लग्नं जुळवायची. सगळा मुलूख तिला मावशी म्हणायचा. मावशी खोटं बोलायची नाही, निदान तिची तशी समजूत होती. ती फक्त खऱ्यावर जरा पदर ओढायची. तिरळ्या मुलाची नजर चौफेर आहे म्हणायची, भांडकुदळ मुलगी घर गाजवेल म्हणायची. अक्षता पडेपर्यंत पदर सरकला नाही की झालं.

एकदा परगावाहून परतताना तिला पडक्या विहिरीतून कण्हणं ऐकू आलं. वाकून बघते तर तळाच्या चिखलात एक तांबडा कुत्रा. त्याच्या गळ्यात दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला. विहीर आटलीय हे टाकणाऱ्याला माहीत नव्हतं, एवढंच त्या जिवाचं नशीब. मावशी मटकन खालीच बसली. जन्मभर तिने माणसं जोडली होती. माणूस असंही करतो हे तिला ठाऊक नव्हतं.

गवत कापणाऱ्या दोघांना हाका मारून तिने कुत्र्याला वर काढलं. त्याला चार दात होते, एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि तोंड पांढरंफेक पडलेलं. मावशीने त्याचं नाव ठेवलं तांबू.

आता त्या गावाचा एक रिवाज होता. ज्या घरात रोज संध्याकाळी दिवा लागतो, त्याच घराला कुत्रा पाळता यायचा. बाकीची कुत्री गावकरी पुनवेला नदीपलीकडच्या रानात सोडून यायचे, आणि तिथून परत आलेलं कुत्रं कोणी पाहिलं नव्हतं. मावशी महिन्यातले पंधरा दिवस दुसऱ्यांच्या ओसरीवर. तिच्या घरात दिवा कुठला रोज लागायला?

पुनवेला नऊ दिवस होते. मावशीला वाटलं, एवढी लग्नं जुळवली, एका कुत्र्याला घर मिळवणं म्हणजे काय, हातचा मळ.

पहिल्या घराने वय विचारलं. दुसऱ्याने दात बघितले. तिसऱ्या घरात एक आजीबाई उन्हाला बसली होती. तिच्या तोंडात तांबूपेक्षाही कमी दात. ती म्हणाली, “म्हातारं नको गं बाई घरात. खातं फार आणि मरत लवकर नाही.” मागे उभी असलेली तिची सून नुसती हसली. ते हसू बघून मावशीच्या अंगावर काटाच आला.

पाच दिवस अशी वणवण झाली. सहाव्या दिवशी सकाळी मावशीने तेच केलं जे तिला चांगलं जमायचं. तेलात काजळ कालवलं आणि तांबूचं पांढरं तोंड काळं कुळकुळीत केलं. हसू नका. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना हा उद्योग नवा नाही. फरक एवढाच की आम्ही तो आरशासमोर करतो.

तांबूला घेऊन ती गावाबाहेर उतरलेल्या एका धनगराकडे गेली. गाव त्याच्याकडे दिवे मोजायला जात नसे. त्याच्या पालापुढे रोज शेकोटी असायची, ती चालायची. धनगराने वय विचारलं. मावशीने डोळ्यांची पापणी न लवता सांगितलं, “चौथं लागलंय.” धनगराने कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली, मान डोलावली आणि तांबूला ठेवून घेतलं. मावशी घरी येऊन गाढ झोपली.

दोन दिवसांनी धनगराचा निरोप आला, कुत्रा घेऊन जा.

मावशी धावत गेली. तांबू पालाबाहेर पडला होता. खांदा फाटलेला, त्यावर हळदीचा लेप. दवाने काजळ धुऊन निघालं होतं आणि तोंड पुन्हा पांढरं. रात्री लांडगा आला होता, आणि वाघरेपाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी, तांबूला एकट्याला राखणीला ठेवलं होतं.

धनगर शिव्या देईल म्हणून मावशी मान खाली घालून उभी राहिली. त्याने शिवी दिली नाही.

“मावशे, म्हातारा आहे एवढं सांगितलं असतंस तर पालात पोरांपाशी निजवला असता. माझा बापही म्हातारा आहे, त्याला काय मी लांडग्यापुढे बसवतो?”

मावशीला उमगलं. म्हणजे हे घर मिळालंच असतं, खरं सांगूनही. आता मात्र धनगराचा इलाज नव्हता. उद्या सकाळी कळप हलणार होता आणि तांबूला चार पावलं टाकवत नव्हती.

तिने तांबूला उचलून पाठीवर घेतलं. अर्ध्या वाटेत कानाशी आवाज आला, आणि मावशी जागीच थांबली.

तांबू म्हणाला, “मावशी, तू चार वर्षं म्हणालीस ना, मला खरंच वाटलं. म्हणून तर मी लांडग्यावर धावलो.”

एवढंच बोलला. मावशी उरलेली वाट रडत चालली.

दुसऱ्या दिवशी पुनव. मावशी थेट आठवड्याच्या बाजारात गेली, तांबूला पोत्यावर ठेवलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पदर बाजूला सारून बोलली. “हा तांबू. फार म्हातारा आहे. एका कानाने बहिरा, दात चार, आता लंगडाही. राखण करणार नाही, दिवसभर झोपेल. आज कोणी नेला नाही तर याला रानात सोडतील.”

बाजार हसला. असं स्थळ कोण सांगतं, म्हणाले. मावशीचं डोकंबिकं फिरलं असणार.

एक कुंभार तेवढा हसला नाही. हातातलं गाडगं खाली ठेवून तो पुढे आला.

“उड्या मारतो?”

“नाही.”

“मांजरामागे धावतो?”

“त्याला मांजर दिसलं तर ना.”

“मग दे. दोन कुत्री पाळली, दोघांनी अंगणातली ओली मडकी तुडवली. मला राखण नको. बायको गेल्यापासून दिवसभर चाकाशी बोलत बसतो, बाजूला कोणीतरी असावं.”

मावशीचा विश्वासच बसेना. भीतभीत तिने आठवण करून दिली, की याला एका कानाने ऐकू येत नाही.

“तेच बरं. अर्धंच ऐकेल, कंटाळणार नाही.”

कुंभाराच्या घरात दिवा रोज लागायचा. तांबू वाळत्या मडक्यांच्या मधोमध दोन वर्षं झोपला आणि त्याच्या हातून एकही मडकं फुटलं नाही. मग एका सकाळी उन्हात पडला तो उठलाच नाही. कुंभाराने तीन दिवस चाक फिरवलं नाही. गाव थक्क झालं. एवढ्याशा उरलेल्या आयुष्यासाठी एवढा शोक? कुंभार म्हणाला, “त्याचे थोडे दिवस उरलेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर एकही वाया घालवला नाही.”

बोध: उणीव झाकून दिलेला जीव संकटात पडतो, खरं सांगितलं की त्या उणिवेसकट माया करणारं माणूस भेटतं.