नारबाचं अंतराळयान

एका गावात नारबा नावाचा एक भोळा गडी होता. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरायचा नाही. सगळं दुखणं तिथंच होतं.

त्याचं लग्न रेवतीशी ठरू घातलं होतं. रेवतीचे वडील दामूशेठ गाड्यांना रंग मारायचे आणि त्यांना दुकान सांभाळणारा जावई हवा होता. त्यांनी नारबापुढे एक खोकं ठेवलं. आत प्लॅस्टिकच्या अंतराळयानाचे सुटे भाग, बारीक दिवे आणि नखाएवढा एक वैमानिक.

"हे जोडून, रंगवून, दिवे लावून दाखव," दामूशेठ म्हणाले. "हात बसलेला दिसला की लग्न पक्कं."

नारबाचा रेवतीवर फार जीव. तो दुकानाच्या मागच्या खोलीत ठाण मांडून बसला. यान जोडलं, दिवे लावले, तर उजेड सांध्यांतूनही बाहेर यायला लागला.

रेवती म्हणाली, "अहो, उजेड गळतो तिथं आतून काळा रंग द्यायचा."

"बरं," नारबा म्हणाला. सगळ्यात जास्त उजेड खिडक्यांतून गळत होता. त्याने खिडक्याच काळ्या करून टाकल्या.

"अहो, खिडकीतून उजेड यायलाच हवा. तिथला रंग खरवडून काढा."

"बरं."

यानाच्या खिडक्या खरवडून तो घरी गेला. न्हाणीघराच्या खिडकीची काचसुद्धा रंगवलेली. त्याने तीही खरवडली. आत त्याचे काका अंघोळीला बसून पाठ चोळत होते, बाहेर नळावर बायका पाणी भरत होत्या.

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "गाढवा, आत माणूस असला की खिडकी झाकायची असते."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर यानात वैमानिक बसलेला. बिचाऱ्याची अब्रू जायला नको. नारबाने त्याच्या खिडकीवर पुठ्ठा चिकटवला.

रेवतीने कपाळावर हात मारला आणि पुठ्ठा काढला. "आता एकच राहिलं. यान फार कोरं दिसतंय, खोटं वाटतं. कडा थोड्या खरवडा, काजळी फासा, गंजाचे ओघळ काढा. लांबून आल्यासारखं दिसलं की खरं वाटतं."

"बरं."

हे काम मात्र नारबाला असं झकास जमलं, की दामूशेठ बघतच राहिले.

"पोराच्या हाताला गुण आहे. मी मुहूर्त काढायला गुरुजींना घेऊन येतो," ते म्हणाले. "तोवर दुकान बघ. ती पांढरी मोटार संध्याकाळी वरातीला जायची आहे, तिला जप."

"बरं."

नारबा मोटारीपाशी गेला. नुकताच रंग दिलेली, नुसती चकाकत होती. त्याला भारी वाईट वाटलं. अशी खोटी मोटार वरातीला गेली तर सासऱ्याचं नाव खराब व्हायचं. त्याने बाह्या वर सारल्या.

दामूशेठ गुरुजींना घेऊन परतले. मोटारीच्या कडा खरवडलेल्या, दारांवर गंजाचे ओघळ, टपावर काजळी. दामूशेठांनी डोकं धरलं. आतून आलेल्या रेवतीने डोळ्यांना पदर लावला.

"काळजी करू नका, मामा," नारबा म्हणाला. "आता कुठं खरी वाटते."

आणि काजळीचं फडकं पिळत तो गुरुजींच्या कोऱ्या धोतराकडे निरखून बघू लागला. गुरुजी मुहूर्त न काढताच पळाले.