ठकाईचं खापर

फार वर्षांपूर्वीची, काडेपेटीने आमचा घाट चढायच्या आधीची ही गोष्ट. केळखोऱ्यात ओढ्याच्या अलीकडे आंबेघर, पलीकडे सावरट. तेव्हा चूल विझली की बाया शेजारून खापरात निखारे मागून आणत. पण या दोन गावांत विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून? आंबेघरकर म्हणतात रेड्यावरून, सावरटकर म्हणतात फणसावरून. रेडाही गेला, फणसही गेला. भांडण मात्र बाळसं धरून होतं.

आंबेघरच्या काठाला ठकू कुंभारीण राहायची. तिची मडकी दोन्ही गावांत, त्यामुळे तिला दोन्ही गावांचा सारखाच लळा आणि सारखाच वैताग.

एका श्रावणात पाऊस असा लागून राहिला की चुलींना पाझर फुटले. घरोघरचा विस्तव विझला. उरला तो फक्त ठकूच्या भट्टीत, राखेखाली जपलेला, खापरभर. तो न्यायला आंबेघरचा ढवळू पाटील आला.

त्याने खापर उचललं, तोच पलीकडच्या काठावरून सावरटच्या सुईणीची हाक आली, "बाळ गारठलंय वो! इस्तव द्या कुनी!"

पाटील जागचा हलेना. म्हणाला, "आमच्यात न् त्यांच्यात इस्तव जात न्हाई."

"आरं, इस्तवाला काय पाय हायेत जायाला? न्यावा लागतो त्यो!"

ठकूने खापर हिसकून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि म्हातारी भरल्या ओढ्यात उतरली. पाटलाला लाज वाटली. तो मागोमाग धावला आणि त्याने तिचा हात धरला.

पुरुषभर पाणी, पण ठकूच्या घोट्यावर चढलं नाही, असं म्हणतात. धो धो पाऊस, पण निखाऱ्यावर थेंब पडला नाही, असंही म्हणतात. पाटील मात्र गळ्यापर्यंत भिजला, हे दोन्ही गावं हसून सांगतात.

शेगडी पेटली. शेक लागताच बाळ असं रडलं की दोन्ही गावांना ऐकू गेलं. इतकं गोड रडणं खोऱ्याने पुन्हा ऐकलं नाही. मग बाळाच्या आजीने त्याच शेगडीतले निखारे ठकूच्या खापरात घालून पाटलाच्या हातात दिले, आणि आंबेघरच्या चुली सावरटच्या विस्तवावर पेटल्या.

ठकूची ठकाई झाली ती तेव्हापासून. आता घरोघरी गॅस आहे. तरी खोऱ्यात मूल जन्मलं की त्याची पहिली शेगडी ओढ्यापलीकडच्या विस्तवानेच पेटते, आणि तो आणायचा ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याच दारातून. भांडणं काय, आजही होतात. पण कुणी फुगून बसलाच, तर घरातली म्हातारी खापर त्याच्या हातात देते आणि म्हणते, "जा बाबा, इस्तवाला पाय न्हाईत."