हैबती कासाराचा प्रश्न

कुसळवाडीच्या ओढ्यावर पूल नव्हता त्या काळची, म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. गावात हैबती नावाचा कासार होता. पाठीवर बांगड्यांचं बोचकं आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. समोरच्या बाईला बोलण्यात असा गुंतवायचा, की बांगड्या कधी चढल्या ते तिला कळायचंही नाही. चार घ्यायला आलेली बाई डझनभर लेवून उठायची आणि वर त्याचंच कौतुक करत घरी जायची. देवळातल्या खांबालासुद्धा त्यानं बांगड्या भरल्या असत्या, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं, पण जीभ गोड होती हे मात्र खरं.

त्याच जिभेनं त्याचा घात केला. वरच्या आळीतल्या गोंदाबाईची थोरली लेक सगुणा, तिचा लग्नाचा चुडा भरायला हैबती बसला होता. भोवती बायका जमल्या, की त्याला चेव यायचा. "दोन मापं लहान चढवून दाखवतो," म्हणाला. सगळ्यांना हसवलं, पण पोरीच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. तिसरी बांगडी अंगठ्याच्या हाडावर तडकली आणि हातातून रक्त आलं.

कुसळवाडीत बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. त्या दिवशी कुणाला तेही म्हणवेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. सगुणा सासरी गेली ती पुढची तीन वर्षं माहेरी आलीच नाही. सासरचे धाडत नव्हते, एवढंच कारण होतं. पण गावानं ते त्या बांगडीवर ढकललं, आणि हैबतीनंही ते खरं मानलं.

तेव्हापासून त्याच्या हाताला कंप सुटला. हात धरला की बोटं थरथरायची, थरथरली की काच तडकायची, आणि तडकली की पुढच्या दारी ती आणखी थरथरायची. बोलायला जावं तर माप विचारण्यापलीकडे काही निघायचं नाही. बायका दारातूनच "उद्या या, मामा" म्हणायच्या. हा उद्या काही उगवत नसतो, हे इतकी वर्षं माल विकलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

आणि अशात गोंदाबाईच्या धाकटीचं, येसूचं लग्न ठरलं. नवरीचा चुडा भरायचा मान गावच्या कासाराचा, म्हणून त्याला टाळता येत नव्हतं. पण जाणत्यांनी बजावलं, "पुन्हा तसंच झालं, तर मान बाजारगावच्या कासाराला जाईल." मान गेला की सणावाराची गिऱ्हाइकं जाणार, आणि मग गावात राहायचं कशाच्या जिवावर?

चार दिवस हैबतीनं बोचकं उघडलं नाही. बायकोनं, अनसानं, सराव म्हणून आपला हात पुढे केला. तिचं माप त्याला डोळे मिटून ठाऊक होतं, तरी दोन वाढवल्या.

"अवं, माझ्या हाताला भ्यायचं काय कारण?" ती म्हणाली. तो काचा वेचत राहिला.

चुड्याच्या दिवशी तो पाटावर बसला. येसू समोर बसली. तिची मूठ घट्ट वळलेली आणि हात गार पडलेला. बायका भोवती बसल्या होत्या. हैबतीनं नेहमीचं काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"पोरी, माझा हात थरथरतोय. मला भ्या वाटतंय."

येसूनं तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "मलाबी," ती म्हणाली.

"तुला कशाचं?"

आता नवरीला असं कुणी विचारतं का? पण विचारलं खरं. येसूनं आईकडे बघितलं. मग म्हणाली, "ताई ओढ्यापलीकडं चार कोसांवर असून आली न्हाई. मीबी तिकडंच चालले. मलाबी कुणी आणणार न्हाई."

पूर्वीच्या हैबतीनं दहा उत्तरं फेकली असती. हा नुसता हात धरून राहिला. "अजून?" त्यानं विचारलं. मग येसूला धीर आला. ती बोलत गेली. ओढ्याच्या पुराबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल, सासूचा आवाज मोठा आहे असं ऐकलं होतं त्याबद्दल. गोंदाबाई पदरानं डोळे टिपत ऐकत होती. बोलता बोलता पोरीची मूठ सैल झाली, आणि कुणीतरी बघितलं तर दोन्ही मनगटं हिरवीगार भरली होती. एकही वाढवली नव्हती. बांगड्या दोन मापं लहान होत्या, असं म्हणतात. मला विचाराल तर त्या मापाच्याच असाव्यात, हात मोकळा झाला होता.

पण भय ऐकून घेतलं की ते आपल्या गळ्यात पडतं. श्रावणात हैबतीला स्वस्थ बसवेना. नागपंचमीला कासाराला कुठलंच घर दारातून परत पाठवत नाही. म्हणून त्या दिवशी पलीकडच्या गावी जायला बोचकं डोक्यावर घेऊन तो पुरात उतरला. अनसा काठावर उभी होती, पाणी त्याच्या छातीला लागलं तेव्हा तिनं डोळेच मिटले. उघडले तर तो पलीकडे. ओढा दुभंगला आणि त्यानं कासाराला वाट दिली, असं म्हणतात.

पलीकडे तो आधी सगुणाच्या घरी गेला. सुनेकडे वळायच्या आधी सासूचा हात हातात घेतला, आणि तिलाही तेच विचारलं, "माई, तुम्हाला कशाचं भ्या वाटतं?" म्हातारीनं मनगटावरची बांगडी गोल फिरवली. मग म्हणाली, "सून माहेरी गेली तर माघारी यायची न्हाई. मग माझं कोण बघंल?" सून ते दाराआडून ऐकत होती. तीन वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. "आत्याबाई, पंधरा दिवसांत येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हैबतीच्या मागून सगुणा ओढा उतरून माहेरी आली. आणि पंधराव्या दिवशी परत सासरी गेली, ते बघून त्याच गावातल्या येसूच्या सासूनंही पुढच्या सणाला येसूला धाडायचं कबूल केलं.

हैबतीचा हात शेवटपर्यंत थरथरत होता. पुढे नवशिके कासार, सुया-पोत विकणाऱ्या बाया, बाजारातले कापडवालेही त्याच्याकडे माल विकायचा इलम शिकायला येत. तो काही शिकवत नसे. गिऱ्हाइकासमोर बसवायचा आणि गप्प राहायला सांगायचा. निम्मे तर पहिल्याच दिवशी कंटाळून पळून जात.

आजही कुसळवाडीत चुडा भरायच्या आधी कासारीण नवरीचा हात हातात घेते आणि सगळ्यांदेखत विचारते, "हैबतीबाबा विचारतोय, तुला कशाचं भ्या वाटतंय?" उत्तर येईपर्यंत पहिली बांगडी चढत नाही, मग मुहूर्त डोक्यावर का असेना. कुणी पुराचं म्हणते, कुणी पालीचं म्हणते आणि बायका हसतात.

मागे एक पोरगी म्हणाली, "ज्याच्याशी लगीन हाय, त्याचं." मांडव घातला होता, वऱ्हाड वेशीत आलं होतं. कासारिणीनं बांगड्या पुन्हा दोरीत ओवल्या आणि बोचकं बांधलं. पोरीची आई उठली, आणि वऱ्हाडाला माघारी पाठवायला वेशीकडे चालू लागली.