कौले वाहणारी नावाडीण

फार जुनी गोष्ट. तेव्हा राज्यांच्या हद्दी नद्याच सांगत. अशाच एका हद्दीवरच्या गावात एक नावाडीण होती. दोन्ही काठांचे शिपाई आणि कारकून तिच्या नावेतून जात. तिच्यासमोर ते बिनधास्त बोलत, कारण ती बाई होती. ती वल्हे मारी आणि ऐके.

एकदा पलीकडच्या राजाचा निरोप आला, "तुमची टेकडी चार महिने द्या. आमचे सैन्य तुमची राखण करील."

टेकडी ज्याच्या हाती, गाव त्याच्या हाती. गावसभा बसली.

नावाडीण उठून म्हणाली, "पाटील, देऊ नका. चार महिन्यांसाठी येणारा राहुट्या आणतो, घरं बांधत नाही. त्यांनी आपल्याच कुंभारांकडून कौलं घेतलीत. आठवडाभर मीच ती पलीकडे वाहतेय."

सभेत हसू पसरले. पाटील म्हणाले, "बाई, तू कौलं वाहा. राजकारण काही चुलीवर शिजत नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या दिराने तेच बोलणे शब्दशः सभेत सांगितले. त्याने जन्मात नदी ओलांडली नव्हती. तरी पाटलांनी त्याची पाठ थोपटली. "याला म्हणतात जाण. आमचा वकील म्हणून तूच जा, नकार कळवून ये."

दीर घाबरला. "वहिनी, तुम्हीही चला. त्यांनी उलट विचारलं तर?"

"वकिलामागं वहिनी?" पाटील म्हणाले. "गावाची शोभा होईल."

मग तिने दिराला पार नेले आणि घाटावर नाव धरून उभी राहिली.

दरबारात दिराने कौलांचे बोलणे म्हणून दाखवले. प्रधान गोड हसला. "कौलं ना? ती देवळासाठी." ती तीनशे घरांना पुरतील एवढी होती, हे घाटावर थांबलेल्या नावाडिणीला ठाऊक होते. दिराला ते ठाऊक नव्हते, त्याला प्रधानाचे म्हणणे खरे वाटले. त्याने टेकडी देण्याच्या करारावर अंगठा उठवला.

चार महिन्यांनी टेकडीवर त्याच कौलांची घरे उभी होती आणि गावाला निघून जाण्याचा हुकूम झाला होता.

"बाईच्या अकलेनं चाललास, म्हणून हे झालं," लोक दिराला म्हणाले.

शेवटच्या खेपेला पाटील नावेत बसले. त्यांनी दिरालाच विचारले, "आता कोणत्या राजाकडं जावं?"

दीर वहिनीकडे पाहू लागला. कोणता राजा आसरा देतो, कोणता वेठीला धरतो, हे वल्हे मारणारीला माहीत होते. तिने तोंड उघडले.

"तू नाव सांभाळ, बाई," पाटील म्हणाले.

नाव प्रवाहाबरोबर वाहत गेली.

तात्पर्य : बोल कोणाचा हे पाहून जे त्याचे मोल करतात, ते गाव गमावतात आणि तरी शहाणे होत नाहीत.