सात हातांच्या दोन पट्ट्या

एकदा एक वृद्ध आचार्य रोज सायंकाळी एक रिकामी खुर्ची उचलून नदीकडे जाऊ लागले, तेव्हा गावाने आठ दिवस नवल केले आणि नवव्या दिवशी सोडून दिले. विद्वान माणसाच्या विक्षिप्तपणाला लोक लवकर सरावतात. त्यात आचार्यांची पत्नी त्याच वसंतात वारलेली. म्हातारपणी माणूस एकटा पडला की असेच व्हायचे, असे म्हणून गाव आपल्या कामाला लागले.

गोष्ट जुन्या काळातल्या चीनमधली आहे. आचार्यांचे घर नदीपासून तीनशे पावलांवर होते. तिथे नदी एक वळण घेऊन टेकडीमागे नाहीशी होई. आचार्य वळणावर पोचत, खुर्ची पाण्याकडे तोंड करून ठेवत आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसत. अंधार पडू लागला की खुर्ची उचलून परत येत. वळणापलीकडे ते कधीच गेले नाहीत.

शरद ऋतू लागला, हवेत गारठा आला आणि त्यांचा एक शिष्य नमस्काराला आला. सोबत त्याची सहा वर्षांची मुलगी होती, लान. शिष्य म्हणाला, "गुरुजी, हिचे पाय बांधायचे आहेत. थंडीत पाय बधिर होतात, दुखणं जरा कमी असतं म्हणतात. घरी पट्ट्या तयार आहेत. आपण मुहूर्त काढून द्यावा."

त्या देशात तेव्हा ही रीत होती. अंगठा सोडून चारी बोटे तळव्याखाली दुमडायची आणि सात हातांची पट्टी आवळून बांधायची, एका पायाला एक. वर्षानुवर्षे बांधायची. पाऊल मुठीएवढे राहिले की मुलगी सुंदर ठरे. सोयरिकीच्या वेळी सासू आधी पायांची चौकशी करी, चेहऱ्याची मागाहून.

आचार्यांनी आजवर अनेक मुलींचे मुहूर्त काढून दिले होते. या वेळी मात्र त्यांनी पंचांगाला हात लावला नाही. ते उठले, कोपऱ्यातली बांबूची खुर्ची उचलली आणि म्हणाले, "चला, नदीवर जाऊ."

वळणावर खुर्ची ठेवून ते लानला म्हणाले, "बस, बाळ."

लान बसली. पाय हलवत तिने पाण्याकडे पाहिले, टेकडीकडे पाहिले. मग विचारले, "आजोबा, तिकडे पलीकडे काय आहे?"

आचार्यांचा चेहरा एकदम उतरला. ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. तू बघून ये आणि मला सांग."

लान खुर्चीवरून उडी मारून पळाली. शिष्य घाबरून उठला, तर आचार्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. थोड्या वेळाने पोर धापा टाकत परतली. "आजोबा, तिथं एक मोडकी होडी आहे! तिच्यात पाणी भरलंय आणि बदक बसलंय. मी जवळ गेले तरी उठलं नाही. पलीकडे एक बाई कोबी धुतेय, तिनं मला हाक मारली."

आचार्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. आपल्या गुरूला रडताना शिष्याने कधी पाहिले नव्हते.

"ही खुर्ची माझ्या पत्नीने बुरुडाकडून करून घेतली होती," आचार्य सांगू लागले. "लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. तिची पावलं मुठीएवढी. मित्रमंडळीत मी त्यांचं कौतुक करत असे. तिला घरातून रात्रंदिवस या पाण्याचा आवाज ऐकू येई. ती म्हणाली, 'मला खुर्चीत बसवून एकदा वळणापर्यंत न्या.' मी उद्या म्हणालो. तिने विचारलं, 'पलीकडे काय आहे?' मी म्हणालो, 'नदीच आहे, दुसरं काय असणार!' पुन्हा तिने विचारलं नाही. एकतीस वर्षं ती खिडकीशी बसली आणि मी दारोदार फिरून लोकांना सन्मार्ग दाखवत राहिलो. आचार्य बायकोला पाठीवर घेऊन चालला तर लोक हसतील, एवढीच माझी अडचण होती. आता रिकामी खुर्ची न्यायला लाज वाटत नाही. ती बसणार होती तेव्हा वाटली."

शिष्य खाली मान घालून म्हणाला, "पण गुरुजी, रीत तर पूर्वजांची. चांगल्यासाठीच लावली असेल ना?"

"सांगतात ते असं. राजदरबारात एक नर्तकी होती. नाचताना पाऊल नाजूक दिसावं म्हणून तिने रेशमी पट्टी गुंडाळली. राजा खूश झाला. मग राण्यांनी गुंडाळली, जरा आवळून. त्यांचं पाहून सरदारांच्या घरी, मग व्यापाऱ्यांच्या, मग कुळवाड्यांच्या. प्रत्येक घराने शेजारच्यापेक्षा एक वेढा जास्त आवळला. जी पट्टी नाचण्यासाठी होती, तिने चालणंही गेलं. आणि यात दुष्ट कुणीच नव्हतं, हे लक्षात घे. आयांनी मायेने बांधलं, बापांनी काळजीने, माझ्यासारख्यांनी मुहूर्त पाहून. वैऱ्याने बांधलेली गाठ माणूस दाताने सोडवतो. मायेची गाठ सोडवायला हात उठत नाही."

"आणि हिला कुणी सून करून घेतलं नाही तर?"

"ते मी सांगू शकत नाही," आचार्य म्हणाले. "कदाचित ही एकटी राहील. पण माझी पत्नी नवऱ्याच्या घरात एकटी होती. तो एकटेपणा मी पाहिला आहे, म्हणजे पाहूनही पाहिला नाही. मुहूर्त मी काढणार नाही. ही खुर्ची मात्र घेऊन जा. तुझ्या घरीही कुणी खिडकीशी बसत असेल."

शिष्य घरी गेला. पत्नीने पट्ट्या धुऊन, वाळवून घडी घालून ठेवल्या होत्या. आचार्यांचा नकार ऐकताच ती संतापली. "त्यांचं काय जातंय? मोकळ्या पायांची पोर कोण करून घेणार? माझी आई बांधताना रडली होती. मी रडायचं नाही असं ठरवलंय. महिनाभर मनाची तयारी करतेय मी!"

त्याने वाद घातला नाही. खाली बसून विचारले, "तू नदी पाहिली आहेस?"

लग्नानंतरच्या सात वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या गावादेखत, त्याने तिला खुर्चीत बसवून पाठीवर घेतले. खुर्ची पाठीला बांधायला दोर सापडेना, तेव्हा तिनेच त्या घडी घातलेल्या पट्ट्या पुढे केल्या. एक या खांद्यावरून, एक त्या. लोक हसलेच. आचार्य दारात उभे होते, तेवढे हसले नाहीत.

लान पुढे धावत होती. वळण आले, मागे पडले. होडी दिसली, बदक दिसले. पत्नीचे अश्रू शिष्याच्या मानेवर पडत होते. परतताना ती म्हणाली, "जरा हळू चला."

घरी आल्यावर त्याने खुर्ची उतरवली आणि पट्ट्या सोडायला घेतल्या. तिने त्याचा हात धरला. "राहू देत. त्या आता खुर्चीच्या झाल्या."

त्या सायंकाळी आचार्यांच्या हातात उचलायला काही नव्हते. ते तसेच रिकाम्या हातांनी नदीवर गेले. वळणावर क्षणभर थांबले, सवयीने शेजारी पाहिले, आणि एकटेच पुढे चालू लागले.

आपल्याही घरात कुणीतरी कधीतरी विचारलेले असते, पलीकडे काय आहे. दुसरं काय असणार, असे म्हणण्याआधी त्या माणसाला घेऊन एकदा जाऊन यावे.